सतरंजीवरची चौथी जागा

पेडगाव, ता. परभणी
शनिवार, ९ जानेवारी १९६०

तानुआक्का,

धुरपदाबाई उभी होती आणि साहेब तिला चौथी आज्ञा विचारत होते. ती म्हणाली, "माझी सहावी हाय, साहेब."

साहेबांना वाटलं, बाईला प्रश्न समजला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, सावकाश. धुरपदाबाईनं पदर नीट केला आणि तितक्याच सावकाश सांगितलं, "चौथी बायनाबाईची. ती येलदरीला धरनावर काम करायलीय. माझी सहावी. खून करू ने, ती. ती इचारा."

पुरुषांच्या बाजूला कोणीतरी हसलं. मग सगळं चर्च हसलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बायनाबाई येलदरीला गेली म्हणून आज्ञाही येलदरीला गेली का?"

आक्का, पत्राची सुरुवात अशी करत नाहीत. आधी सलाम लिहायचा असतो. तर तुला आणि दाजींना प्रभूमध्ये सलाम. मी खुशाल आहे. थंडीत गुडघा धरतो. तुमच्याकडं तूर बरी आहे असं ऐकलं. तुझी पाठ कशी आहे?

दैवशाला घरी आली त्याला चार आठवडे होत आले. दाजींचं कार्ड मिळालं. त्यात "पोरगी पोचली" एवढंच होतं. तिनं तुला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. माझ्या अंदाजानं काही सांगितलं नसेल. म्हणून मी लिहिते आहे.

आमच्या मंडळीची रीत तुला माहीत नाही. राणीसावरगावात आपली चार घरं, पाळक वर्षातून दोनदा येणार. इथं नाताळच्या आधी मोठे साहेब येतात आणि मोठ्या माणसांची धर्मशिक्षणाची परीक्षा घेतात. जो पास होईल त्यालाच नाताळात प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला. पुरुष वाचून पाठ करतात. बायांना अक्षर नाही. पोलीस ॲक्शन झाल्याच्या पुढच्या वर्षी त्यांचा वर्ग माझ्याकडं आला. नऊ बाया होत्या. दिवसभर कापूस वेचून यायच्या आणि टेकल्या की पेंगायच्या. बायबलातल्या दहा आज्ञा एकीच्याही डोक्यात राहीनात. दुसरी शिकवावी तर पहिली गेलेली. परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा मी म्हटलं, आता एकेकीनं एकेक उचला. घागरी उचलता तशा.

तशी ती रांग झाली. सतरंजीवर ओळीनं बसायचं. पहिलीनं पहिली आज्ञा म्हणायची, ती संपली की दुसरीनं दुसरी. नऊ बायांच्या नऊ. दहावी माझी. मी टोकाला बसायचे. जी बाई त्या दिवशी नसेल तिची जागा बाया मोकळी सोडायच्या. मी टोकावरून उठून तिथं जाऊन बसायचे, तिची आज्ञा म्हणायचे आणि पुन्हा टोकाला यायचे. जुने साहेब कानानं मंद होते. रांगेचा सूर घुमायला लागला की ते डोळे मिटायचे. शेवटी म्हणायचे, फार छान, बायांनो. त्यांना वाटायचं, सगळ्यांना सगळं येतं. तसं येतं असं मी कधी म्हटलं नाही. येत नाही असंही म्हटलं नाही.

विहिरीवर त्या एकमेकींना आकड्यानं हाक मारायच्या. "ए तिसरे, दोर सोड." गावातल्या बायांना वाटायचं, या किरिस्तावांची ही काहीतरी भानगड आहे. कडूबाई सगळ्यांत म्हातारी, विधवा होऊन चाळीस वर्षं झालेली. तिच्या वाट्याला सातवी आली, व्यभिचार करू नये ती.

"हीच का माझ्या गळ्यात, बाई?" ती म्हणाली.

"तुज्याकून मोडायचं भ्या न्हाई म्हून," सारजाबाई म्हणाली. सारजाबाई पाचवी.

"तुला काय ठावं?" कडूबाई म्हणाली.

त्या दिवशी वर्ग पुढं झाला नाही. अशी दहा वर्षं गेली.

दैवशाला जूनमध्ये शिक्षिकेचं ट्रेनिंग संपवून आली. तू तिला नऊ वर्षांची असताना माझ्याकडं सोडलीस. पाटीवर पहिलं अक्षर मी काढून दिलं. मंडळीत तिला कमलबाईची पोर म्हणत. मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. तरी मे महिना जवळ आला की तुझ्याकडं यायला ती आठ दिवस आधीच ट्रंक भरून ठेवायची. आक्का, ते मला झोंबायचं. हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे.

ट्रेनिंगहून तिनं एक निळं लोकरी कापड आणलं. ते फळ्यावर टांगायचं आणि कागदाची चित्रं त्यावर नुसती टेकवायची. ती कापडाला चिकटून राहतात. मेंढरं, होडी, कोळ्याचं जाळं. मुलं स्वतः उठून चित्र लावायची आणि गोष्ट सांगायची. माझ्या रविवारच्या शाळेत अकरा मुलं होती, त्यांतली चार पेरू मिळतो म्हणून येणारी. ऑगस्टात तिच्याकडं चौतीस होती. मी मोजली. दर रविवारी मोजायचे. एकदा पावसात एकोणीसच आली, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

मुलं तिला बाई म्हणायला लागली. आतापर्यंत बाई मी होते. मी म्हातारी बाई झाले.

सप्टेंबरात दिनकरराव पाळक घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "कमलबाई, लय वर्षं केलंत. आता बायांचा वर्गबी दैवशालेकडं देऊ. तुमी जरा आराम करा." मी म्हटलं, चांगलं झालं. दैवशाला म्हणाली, "मावशी, तू माझ्याशेजारी बसशील ना?" मी म्हटलं, मी मागं भिंतीशी बसते, गुडघा दुमडत नाही.

त्याच आठवड्यात तिनं विचारलं, "मावशी, बायांना आज्ञा येतात ना सगळ्या?"

मी ज्वारी निवडत होते. म्हटलं, "दहा वर्षं म्हणतायत."

खोटं नव्हतं. तिनं विश्वास ठेवला. आज्ञा बाजूला ठेवून ती त्यांना स्वतःचं नाव लिहायला शिकवू लागली. गोष्टी सांगू लागली. एकदा बायांनी तिला रांग म्हणून दाखवली. नववी आज्ञा झाली आणि त्या थांबल्या, मागं माझ्याकडं बघू लागल्या. मी बसल्या जागेवरून दहावी म्हटली. शेजाऱ्याचं जे आहे त्याचा लोभ धरू नये, ती. दैवशाला हसली. तिला वाटलं, मावशीला राहवलं नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. पोरी, हे असं आहे, यांना एकेकच येते. तीन महिने होते. ती हुशार आहे, तिनं निभावलं असतं. पण मग तिला कळलं असतं, मी दहा वर्षं काय शिकवलं ते. आणि तिनं तीन महिन्यांत सगळ्यांना सगळं शिकवून दाखवलं असतं. यातलं कोणतं मला जास्त नको होतं, ते अजून ठरवता येत नाही.

धुरपदाबाई दर मोसमात मला बोरं आणायची, पदराच्या गाठीत. नोव्हेंबरात तिनं ती गाठ दैवशालेच्या ओंजळीत सोडली. दैवशालेनं घरी येऊन निम्मी माझ्यापुढं ठेवली. मी म्हटलं, दातांना सोसत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेल्यावर मी माझी निम्मी खाल्ली. गोड होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बायनाबाईचा नवरा येलदरीला धरणाच्या कामाला निघाला. तिलाही जावं लागलं. जाताना ती माझ्या दारात आली, डोक्यावर बोचकं.

"बाई, इम्त्यानाला माझी चौथी कोन म्हनंल?"

"बघू."

"बघू काय? तुमी बसता म्हना की माझ्या जागी."

मी म्हटलं, "तू जा. मोटार चुकेल."

परीक्षेला आठ दिवस होते. दैवशालेला मी सांगितलं नाही. रोज सकाळी आम्ही दोघी एका चुलीपुढं बसून भाकरी खात होतो.

या वर्षीचे साहेब नवे आहेत, किशनराव. त्यांना उत्तम ऐकू येतं. परीक्षा तेरा तारखेला, रविवारी झाली. बाया नेहमीप्रमाणे सतरंजीवर बसल्या. तिसरी आणि पाचवी यांच्यामध्ये त्यांनी एका माणसाची जागा सोडली होती. दैवशालेनं ती बघितली आणि हातानं खूण केली, सरकून बसा. कोणी सरकलं नाही.

पहिली झाली. दुसरी. तिसरी. मग काही नाही.

सारजाबाईला पाचवी येते, पण चौथीचा शेवटचा शब्द कानावर पडल्याशिवाय तिचं तोंड उघडत नाही. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मग आठही जणींनी बघितलं. मी भिंतीला टेकून बसले होते. ती मोकळी जागा मला दिसत होती. सतरंजीच्या लाल पट्ट्यावर होती. गुडघा दुखत नव्हता.

मी उठले नाही.

मग साहेब एकेकीला उभं करून विचारू लागले. धुरपदाबाईचं वर लिहिलंच आहे. कडूबाईला त्यांनी दुसरी विचारली. ती म्हणाली, "सातवीच्या अल्याडचं मला काय बी मालूम न्हाई, साहेब." पुन्हा हसणं झालं. या खेपेला बायांनी माना खाली घातल्या.

साहेबांनी वही मिटली. म्हणाले, "या बायांना कोणी शिकवलं?"

दैवशाला उभी राहिली. "मी, साहेब."

तिनं मागं बघितलं नाही. तोवर तिला सगळं कळलं होतं. तिचे कान लाल होतात ते तुला माहीत आहे. लहानपणी शाई सांडली की व्हायचे. तसे झाले होते.

मी तेव्हाही उठले नाही. पहिल्या वेळी एकदम सुचलं नाही असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळी सुचलं होतं. ती मान खाली घालून उभी होती, साहेब बोलत होते, चौतीस मुलं बघत होती, आणि आक्का, मला बरं वाटत होतं.

साहेबांनी सांगितलं, या बायांना यंदा प्रभुभोजन नाही. दैवशालेनं घरी जावं. पुढचं कळवू.

सोमवारी सकाळी तिनं ट्रंक भरली. मी भाकरी बांधून दिल्या. ती म्हणाली, "निळं कापड राहू दे, मावशी. मुलांना लागेल." मोटारीकडं जाताना ती धुरपदाबाईच्या दारात थांबली. दोघींचं काहीतरी बोलणं झालं. मी पुढं चालत राहिले.

नाताळात आठ जणी मागं भिंतीशी बसल्या, मी बसायचे तिथं. मी पुढं गेले. भाकर घेतली. प्याला घेतला. परत येताना कडूबाई म्हणाली, "उटली का पंगत, बाई? आमी आपल्या दुसऱ्याच्या लग्नात बसल्यावानी बसलाव." ती चेष्टा करत होती. तिच्याशेजारी धुरपदाबाई रडत होती. ती त्या दिवसासाठी नवं लुगडं नेसली होती. मी एकीची मान खाली व्हावी म्हणून बसून राहिले होते. आठ जणींचं मला आठवलं नव्हतं.

तीन तारखेला दिनकररावांनी वर्ग पुन्हा माझ्याकडं दिला. जे हवं होतं ते मिळालं. बाया बसल्या. मी म्हटलं, म्हणा. कोणी म्हणेना. धुरपदाबाईनं विचारलं, "बाई, त्या दिशी तुमी का उटला न्हाईत?"

मी म्हटलं, "गुडघा."

"गुडघा व्हय," ती म्हणाली.

बायांनी पदर सावरले. त्या उठून गेल्या.

गुरुवारी मी दिनकररावांकडं जाऊन सगळं सांगितलं. ते हातातली टोपी फिरवत बसले. म्हणाले, "बाई, हे मला न्हाई सांगितलं असतं तरी चाललं असतं की." मी म्हटलं, आता सांगून झालं. मग त्यांनीच कागद दिला. त्यांच्यासमोर बसून मी किशनराव साहेबांना लिहिलं. बाया माझ्या, रांग माझी, दैवशालेला मी अंधारात ठेवलं. पुनरुत्थानाच्या सणाला पुन्हा परीक्षा घ्यावी अशी विनंती केली. उत्तर आलेलं नाही. मला काढून टाकतील असं दिनकररावांना वाटतं. मला तसं वाटत नाही, पण ट्रंक झाडून ठेवली आहे.

ते पत्र अर्ध्या तासात झालं. हे तीन दिवस चाललं आहे.

पूर्वी माझी पत्रं तुला गावातले गुरुजी वाचून दाखवायचे. म्हणून मी नेहमी हवापाण्याचं लिहायचे. आता घरात वाचणारी आहे. हे पत्र तुला कोण वाचून दाखवतं आहे ते मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे.

दैवशाला, तू मधल्या ओळी गाळल्या असशील. पावसात एकोणीस मुलं आली ती. बोरांची. मला बरं वाटत होतं ती. मागं जा आणि वाच. साहेबांपुढं तू माझं नाव गाळलंस. इथं गाळू नको. मोठ्यानं वाच, आईला उजव्या कानानं कमी ऐकू येतं.

आक्का, बाबा बोर्डिंगला एकीलाच पाठवणार होते. तू म्हणालीस, धाकटीला धाडा. तू शेळ्यांमागं गेलीस. मला जे अक्षर आलं ते तुझ्या वाट्याचं. पुढं पोटची पोरही तू मला दिलीस. तिच्या चित्रांवर मी जळले. तिच्या मुलांवर जळले, तिच्या ओंजळीतल्या बोरांवर जळले. हा एक शब्द लिहायला मला सात पानं लागली. दहावी आज्ञा इतकी वर्षं माझ्याच वाट्याला होती. मला ती चांगली पाठ आहे.

तिनं परत यावं असं मी लिहीत नाही. ते तिनं ठरवावं. तिची बाज होती तिथं आहे. निळं कापड घडी करून पेटीत ठेवलं आहे, चित्रं वेगळी, म्हणजे दुमडणार नाहीत. साहेबांचं उत्तर काहीही आलं तरी वर्ग तिचा आहे, हे मी त्यांना लिहिलं आहे.

दाजींना सलाम. पाठीला एरंडाचं पान शेकून बांध.

तू धाडलेली,
कमल

ता. क. रविवार, १० जानेवारी. टपाल उद्या निघेल, म्हणून लिहिते.

सकाळी वर्गाला बायनाबाई होती. काल येलदरीहून आली. मी काही बोलायच्या आत दिनकररावांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, त्यामुळं मला फक्त मान हलवावी लागली. मग मी टोकाला, माझ्या जागी बसले. रांग सुरू झाली. चौथी बायनाबाईनं म्हटली, सारजाबाईचं तोंड उघडलं, नऊ झाल्या. मी दहावी म्हटली.

मला वाटलं, संपलं. तर धुरपदाबाई आपल्या जागेवरून उठली आणि सातवीच्या जागी जाऊन उभी राहिली. "सरक, कडूबाई."

"सुटले बाई सातवीतनं एकदाची," कडूबाई म्हणाली. "आठवी कोनती? चोरीची? ती जमंल."

मी विचारलं, हे काय चाललंय. धुरपदाबाई म्हणाली, "दैवशालाबाईनं जाताना सांगून ठिवलंय. बायनाबाई आली की लागायचं. दर ऐतवारी एक जागा सरकायचं. शेजारनीनं आपली सांगायची, आपन शिकायची. धा ऐतवारात समद्यांना धाच्या धा."

दहा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मी पुन्हा जळले. हेही वाच, दैवशाला.

सगळ्या सरकल्या. नववी माझ्याजवळ येऊन उभी राहिली, तिला माझी जागा हवी होती. मी उठले. पलीकडच्या टोकाला पहिलीची जागा रिकामी होती. तिथं जाऊन बसले.